दुतोंड्या मारुती, काळी दोन आणि साडेनऊ तासांचं अंतर

नाशिककर पूर फुटांत मोजत नाही. गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती किती बुडाला ते विचारतो. घोट्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला, गळ्याला. नारोशंकराच्या देवळाच्या घंटेला पाणी लागलं की महापूर. आमच्या रॉक ऑपेराचे चार अंक याच मापावर बेतले आणि घंटा शेवटाला ठेवली. मारुतीला दोन तोंडं, म्हणून निवेदक गायकही दोन: एक येणाऱ्या पाण्याबद्दल गातो, दुसरा वाहून गेलेल्याबद्दल. एकूण १४ गाणी, ७२ मिनिटं. शब्द, गायन आणि ढोल नाशिकला. चाली, गिटार आणि बेस टोरंटोला. हे काम कसं पार पडलं, कुठे अडलं आणि का, एवढंच इथे लिहितो.

सगळ्यात आधी एक हट्ट सोडावा लागला, तो म्हणजे इंटरनेटवरून एकत्र वाजवण्याचा. दोन शहरांमध्ये साधारण साडेबारा हजार किलोमीटर अंतर आहे. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे तार अगदी सरळ असती तरी जायला ६० मिलिसेकंद आणि परत यायला तेवढेच. प्रत्यक्षात तार सरळ नसते, मध्ये दहा ठिकाणी थांबे, वर आवाजाचं रूपांतर. आमच्याकडे जाऊन-येऊन २५० ते ३०० भरायचे. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, म्हणजे समोरच्याचा सूर अर्धी मात्रा उशिरा. दोघं एकमेकांची वाट बघतात आणि लय मंदावत मंदावत बसते. महागडी लाइन घेऊन हे सुटत नाही. त्यामुळे कॉल फक्त बोलण्यासाठी आणि वाजवणं आपापल्या घरी, आळीपाळीने. कॉलवर एखादा तुकडा ऐकवायचाच असेल तर आधी आवाज साफ करणारी सोय बंद करायची. ती सोय माणसाचं बोलणं ओळखते आणि गिटारला पंख्याची घरघर समजून गिळते.

कॉल रविवारी सकाळी ७ ला. तिकडे शनिवारची रात्र: उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेआठ. टोरंटोत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं, आपलं हलत नाही. वर्षातून दोनदा एकजण तासभर ताटकळतो तो यामुळे. कॅलेंडरमध्ये वेळ नाशिकची टाकली की हा प्रश्न मिटतो.

खरा वेळ गेला शब्द आणि चाल जुळवण्यात. तिकडून चाल यायची ती ‘ना ना ना’वर, आणि प्रत्येक कंपासात (म्हणजे चार मात्रांच्या एका आवर्तनात) आठही जागा भरलेल्या. त्यावर मराठी लिहायला बसलं की ओळीत ‘रे’, ‘गं’, ‘बाई’ अशी भरताड सुरू होते. मग उलटं केलं. आधी छंद ठरवला, तो टोरंटोच्या जोडीदाराला आकड्यांत कळवला आणि नंतर चाल. पहिल्या अंकाला मोठा अभंग घेतला, सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा:

पाणी आले पाणी
मारुतीच्या पाया
भिजू लागे काया
हळूहळू

चार-चारच्या ठेक्यात एका कंपासाला आठ जागा धरल्या तर पहिल्या तीन चरणांत सहा अक्षरं आणि दोन जागा रिकाम्या. चौथ्या चरणात चार अक्षरं आणि चार रिकाम्या. म्हणजे अर्धा कंपास आपसूक गिटारचा! रॉकमध्ये गायकाला गिटारने उत्तर द्यायची जी रीत आहे, तिची जागा अभंगात आधीपासूनच मोकळी पडलेली आहे. फक्त ती शब्दांनी बुजवायची नाही.

गोष्ट पुढे ढकलणाऱ्या तुकड्यांसाठी संगीत नाटकातली साकी कामाला आली. साकीची ओळ २८ मात्रांची, सोळावर थांबा. त्यात चार मात्रांचं मौन घातलं की ३२ होतात आणि कुठल्याही रॉक ठेक्यावर बिनतक्रार बसतात. दिंडी (तीही छंदच) तशी बसत नाही. नऊ आणि दहा मिळून एकोणीस मात्रा. चार-चारमध्ये कोंबली की शेवटचा शब्द लंगडतो. आम्ही तिला सहाच्या ठेक्यात टाकलं, नऊनंतर तीन मात्रा लांबवल्या आणि दहानंतर दोन. तीन गाण्यांत ती अशी आहे.

दुसरी गोची ‘अ’ची. ‘पूर चढला’ ही लिहिताना पाच अक्षरं, बोलताना मात्र ‘पूर् चढ्ला’, तीनच उच्चार. अभंग म्हणताना आपण ‘पू-र’ असं पूर्ण म्हणतो, रॉकच्या वेगात तसं म्हटलं तर शाळेतली कविता वाटते. तिकडचा जोडीदार अक्षरं मोजून चाल बांधायचा आणि इथे गायिका दोन सूर हातात धरून उभी. मग एक खूण ठरवली: जिथे ‘अ’ गिळायचा तिथे अक्षराचा पाय मोडायचा. स्प्रेडशीटमध्ये एका ओळीला एक कंपास, कंपासाला सोळा घरं, घरात एक उच्चार. लांबवायचं असेल तर पुढच्या घरात आडवी रेघ, श्वासाला फुली. त्यासोबत क्लिकवर, म्हणजे लय दाखवणाऱ्या टिकटिकीवर, नुसती वाचलेली ओळ, चाल न लावता. या तक्त्यानंतर परत पाठवलेल्या चालींची संख्या इतकी घटली की आधीच्या दोन महिन्यांची चीडच आली.

स्वरांचंही बघावं लागतं. पुरुषी आवाज वरच्या पट्टीत फेकताना ‘आ’ आणि ‘ओ’ मोकळे सुटतात, ‘ई’ आणि ‘ऊ’ आवळतात. ‘हळूहळू’चा शेवटचा ‘ळू’ पहिल्या चालीत सगळ्यात उंच सुरावर होता. तिसऱ्या दिवशी गायकाचा घसा बसला. चौथा चरण उतरता केला तेव्हा शब्दाचा अर्थही चालीत आला. मराठी ओळ बहुधा क्रियापदावर आणि स्वरावर संपते, ‘आहे’, ‘गेले’, ‘आली’. इंग्रजी गाण्याच्या सवयीने बांधलेली चाल शेवटी हातोडा मारल्यासारखी तुटते. तिथे आपला ‘ए’ अधांतरी लोंबकळतो. अशा जागी ओळच फिरवून नाम शेवटी आणलं.

पट्टीचा घोळ मात्र सहज सुटला. इकडचा गायक म्हणतो ‘माझी काळी दोन’ (त्याचा सा पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीवर), तिकडून निरोप ‘गाणं ई मायनरमध्ये’. ई म्हणजे पांढरी तीन, गायकाला अर्धा सूर चढी. गिटारच्या सगळ्या तारा अर्धा सूर उतरवल्या की बोटं ईच्या जागीच राहतात आणि वाजते काळी दोन. कितीतरी रॉक बँड गायकाच्या घशासाठी हेच करतात. दुसऱ्या तोंडाची गायिका काळी चारची; तिची गाणी त्याच गिटारवर वेगळ्या मांडणीने बसवली. द्वंद्वगीतात पट्टी मध्येच बदलते ती ढोलाच्या आवर्तनाखाली. तिथे स्वरवाद्य कुठलंच नसल्याने सांधा कळत नाही.

आता फाइली. पहिल्याच दिवशी लेखी ठरवायचं: ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने), २४ बिट, वेव्ह फाइल. आमच्याकडे एकाचा प्रोजेक्ट ४४.१ वर होता. सॉफ्टवेअरने रूपांतर न करता फाइल उघडली की ४८ ची फाइल ८ टक्के मंद आणि जवळपास पाऊण सूर (पेटीच्या दीड पट्ट्या म्हणा) उतरलेली वाजते. पाच मिनिटांचं गाणं साडेपाच मिनिटांचं होतं. गंमत अशी की ऐकायला ते वाईट लागत नाही, जड आणि गंभीर लागतं, म्हणून दोन दिवस कोणाच्या लक्षातच आलं नाही.

एमपीथ्रीवर कधीही वाजवून पाठवू नये. त्या फाइलच्या सुरुवातीला २५ मिलिसेकंदांच्या आसपास शांतता चिकटते. त्यावर वाजवलेली गिटार मूळ प्रोजेक्टमध्ये टाकली की प्रत्येक ठोक्याला जराशी मागे पडते. वादक बिचारा ‘मी लयीत होतो’ म्हणत राहतो आणि तो खरंच लयीत असतो. व्हॉट्सॲपवर आवाज पाठवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून, नाहीतर तो दाबून बारीक करतो. सगळे ट्रॅक पहिल्या कंपासाच्या पहिल्या ठोक्यापासून काढायचे, मग गिटार तिसऱ्या मिनिटाला का येईना. पुढे दोन कंपास क्लिक.

वजनाचा हिशोब: एक मोनो ट्रॅक मिनिटाला ८.६४ एमबी. पाच मिनिटांचं गाणं, २४ ट्रॅक, साधारण १ जीबी. २० एमबीपीएसच्या अपलोडला सात मिनिटं, ५ च्या मोबाइल डेटावर अर्धा तास आणि मध्ये वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. फ्लॅकमध्ये बांधलं की आकार बराच घटतो आणि आवाजातलं काही जात नाही. फाइलचं नाव रोमन लिपीतच ठेवलेलं बरं. झिप उघडताना देवनागरीचे चौकोन झालेले पाहिलेत. नावात गाण्याचा क्रमांक, लय, वाद्य, आणि तारीख वर्ष-महिना-दिवस अशी, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. ‘फायनल’ हा शब्द नावात घालायला बंदी.

अभिप्राय देताना ‘२ मिनिटं १३ सेकंदाला’ असं लिहायचं नाही. लय ९६ ची ९८ केली की सेकंद सरकतात, कंपास सरकत नाही. ‘कंपास ४१, तिसरी मात्रा, बेस अर्धा सूर चढा’ असं लिहायचं. गाण्याला तीन फेऱ्या. शब्दावर शेवटचा शब्द इकडचा, सुरावर तिकडचा. शब्दाचा उच्चारच चालीने मोडत असेल तर चाल हलणार, हा एकच अपवाद आधी लिहून ठेवलेला.

ढोलाशिवाय नाशिकचा पूर होणार नव्हता, पण तो प्रकार वेगळाच. पथक कानात क्लिक घालून वाजवत नाही. घातला तर हात आखडतात, ताशाची बोटं यंत्रासारखी होतात. म्हणून क्रम उलटा केला. पथकाने मोकळं वाजवलं, चार मिनिटांत लय ९२ वरून ९८ वर गेली. प्रत्येक कंपासाची सम हाताने खुणावून लयीचा नकाशा बनवला आणि तो मिडी फाइल (आवाज नाही, नुसत्या सूचना) म्हणून टोरंटोला पाठवला. तिथे क्लिकच ढोलाबरोबर धावू लागला आणि गिटार त्यावर वाजली. पाणी चढतंय हे सांगायला ही सहाची वाढ पुरते.

मुद्रण उघड्यावर, गंगापूर रोडच्या पुढे मोकळ्या शेतात, कारण खोलीत ढोल नुसता घुमतो. टिपरूच्या बाजूला एक माइक आणि हाताच्या बाजूला एक, दोन्ही मीटरभर लांब, पातळी उणे १२ डेसिबलच्या वर जाणार नाही अशी. दोन्ही माइक एकत्र ऐकले आणि ढोल पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा. कारण साधं आहे: टिपरू पडताच एक पान आपल्या माइकपासून दूर जातं, त्याच क्षणी समोरचं पान आपल्या माइककडे येतं. दोन लहरी उलट्या, एकमेकींना खातात. एका ट्रॅकची पोलॅरिटी, म्हणजे लहरीची दिशा, उलटवली की खर्ज परत येतो. सॉफ्टवेअरमध्ये ते एका बटणाचं काम आहे. पावसाळी हवेत चामडी पान सैल पडतं, त्यामुळे मुद्रण फेब्रुवारीत उरकलं. मिक्समध्ये ढोल आणि बेस गिटार दोघांना १०० हर्ट्झच्या खालची जागा हवी असते. ढोल असेल तिथे बेसने लांब सूर धरायचे, ठोके मारायचे नाहीत. ताशा गायकाच्या व्यंजनांवर बसतो, म्हणून कडव्यात ताशा नाही, फक्त ध्रुवपदात.

गायनाला घरातली कपड्यांची खोली पुरली. दोन्ही बाजूंना उघडी कपाटं आणि मागे गोधडी. ‘प’, ‘फ’, ‘भ’च्या फुंकरीसाठी जाळी लागते आणि माइक तोंडासमोर नको, हनुवटीच्या किंचित बाजूला. ‘ळ’ आणि ‘ण’ गिटारच्या खरखरीत बुडतात. आवाज चालू असताना गिटारचा ३ किलोहर्ट्झचा भाग तीन डेसिबल खाली आणला की शब्द कळतात. आधी ध्वनिमुद्रण आणि मग रंगमंच, हा रस्ता या प्रकाराला नवा नाही: ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ १९७० मध्ये तबकडी म्हणून आलं आणि १९७१ मध्ये रंगमंचावर. अंतरावरच्या जोडीला तोच सोयीचा.

कागदपत्रं लवकर करावीत. आपल्या १९५७ च्या कायद्यात शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी गोष्ट. हक्क कृती निर्माण होताच मिळतो, नोंदणी सक्तीची नाही, पण दोन देशांत दोघं असताना कागद हवा. शब्द आणि चालीची निम्मी-निम्मी वाटणी गाणं पूर्ण होताच लिहून सही केली, ढोलपथकाची संमती मुद्रणाच्या दिवशीच घेतली. जाहीर प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता द्यावी लागते. आमच्यात संवाद जेमतेम दोन पानं, तरी सगळी गाणी ओळीने टाइप करून जोडावी लागली, आणि पाय मोडलेली अक्षरं पुन्हा सरळ करावी लागली.

प्रयोगात तिकडची गिटार मुद्रितच वाजते. स्टिरिओ फाइलच्या डाव्या बाजूला क्लिक, तो फक्त ड्रमवाल्याच्या कानात. उजव्या बाजूला वाद्यं, ती सभागृहात. वायर उलटी लागली तर प्रेक्षकांना तासभर टिकटिक ऐकू येईल, म्हणून दोन्ही टोकांना लाल पट्टी. तीच फाइल फोनवर तयार ठेवायची.

शेवटच्या घंटेचं काम सर्वांत चिवट निघालं. देवळातली साधी पितळी घंटा मुद्रित केली. तिचा सूर काळी दोन आणि पांढरी दोनच्या मधे कुठेतरी, आणि घंटेच्या आवाजात इतके वेगवेगळे उपस्वर असतात की सॉफ्टवेअरने ओढून जागेवर आणली तर ती घंटा राहत नाही, स्टीलचं ताट वाटते. तीन दिवस त्यात घातल्यावर टोरंटोहून निरोप आला: घंटा राहू दे, मी गिटार उतरवतो. शेवटच्या गाण्याच्या सगळ्या तारा ३० सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) खाली उतरवून त्याने पुन्हा वाजवलं. गायकाला काही सांगितलं नाही, तो आपोआप घंटेच्या सुरात गायला.