आधी कोण येणार?

महापुराला दोन वर्षं झाली होती. आमच्या पुनर्वसनाच्या कामात माझ्या वाट्याला एक गल्ली आली. कागदोपत्री तिचं काम 'पूर्ण' होतं: अनुदान वाटून झालं, घरं दुरुस्त झाली. मी पोचले तर बहुतेक दारांना कुलपं.

एका घराच्या खिडक्या तेवढ्या उघड्या दिसल्या. एक आजोबा महिन्यातून एकदा घराला हवा द्यायला येत. भिंतींचा रंग अगदी ताजा होता. मी विचारलं, "आजोबा, राहायला कधी येताय?"

"समोरचे आले की येऊ. रात्री एकट्यानं काय करायचं इथं?"

समोरच्यांना फोन लावला. ताई म्हणाल्या, "शाळा सुरू होऊ दे, मग बघू." शाळेत चौकशी केली, तर पटावर मुलंच नाहीत. दवाखान्याचं उत्तर तेच, फक्त मुलांच्या जागी रुग्ण. जो तो दुसऱ्याची वाट बघत होता, आणि कुणाचंच चुकत नव्हतं. मला अक्षरशः गलबलून आलं.

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराचे आकडे मला पाठ होते. 2000 साली लोकवस्ती 4,84,674, 2005 मध्ये कतरीना वादळ, आणि 2010 च्या जनगणनेत 3,43,829. तिथल्या 'रोड होम' योजनेत घराची वादळाआधीची किंमत आणि बांधणीचा खर्च यांतली कमी रक्कम धरून मदत ठरे. म्हणजे गरीब वस्तीत, जिथं घरांना भावच नव्हता, तिथं तेवढंच घर बांधायलाही पैसे अपुरे पडले. हा अन्याय मला आजही सलतो. जपानमधल्या कोबे बंदराचं दुखणं निराळं होतं. 1995 च्या भूकंपाआधी ते जगातल्या पहिल्या सहा कंटेनर बंदरांत होतं. जहाजं लागायचे धक्के दोनेक वर्षांत दुरुस्त झाले. पण तोवर जहाजांनी दक्षिण कोरियातल्या बुसानसारखी बंदरं धरली होती, आणि त्यातली बरीच परतली नाहीत.

हे सगळं ठाऊक असूनही इतकी वर्षं मी पडलेल्या भिंतीच मोजत आले होते. त्या संध्याकाळी तक्त्यात एक रकाना वाढवला: 'रात्री दिवा लागतो का?' अंधार पडेपर्यंत गल्लीत थांबले. चार घरांपुढे 'हो' लिहिलं. शेऱ्यात लिहिलं, पटसंख्येची अट बाजूला ठेवून शाळा आधी उघडावी. आणि तो कागद स्वतः वरच्या टेबलावर नेऊन दिला.