चेन आतून झिजते

पावसाळ्यात दर रविवारी संध्याकाळी आमच्या ठाण्यातल्या वर्तकनगरच्या घरातल्या गॅलरीत जुनी वर्तमानपत्रे अंथरली जातात, दिवसभर चिखल खाल्लेली माझी सायकल त्यांवर उलटी ठेवली जाते, आणि माझे सासरे, म्हणजे नाना, स्टूल ओढून तिच्याजवळ बसतात. नानांनी उभी हयात वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात फिटर म्हणून काढली. लांबच्या सायकलप्रवासाशी त्यांचा काही संबंध नाही, पण देखभालीचे जे काही मला येते ते मी बहुतांशी त्यांच्याकडूनच शिकले आणि त्यात चेनचा वाटा सर्वांत मोठा आहे.

मी बीआरएम करते, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबचे अंतर सायकलवर पूर्ण करण्याचे उपक्रम. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत. ही चारही अंतरे नोव्हेंबर ते ऑक्टोबर या एकाच हंगामात पूर्ण केली की ‘सुपर रँडोनिअर’ म्हणवून घेता येते. मागे मदतीची गाडी चालत नाही. रात्री दोन वाजता मनोरच्या पुढे महामार्गावर काही बिघडले, तर ते आपल्याच पिशवीतल्या हत्यारांनी नीट करावे लागते. म्हणून या छंदातले बरेचसे आयुष्य रस्त्यावर नव्हे, तर घरी, काळ्या हातांनी जाते, आणि मला ते मनापासून आवडते.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत आम्ही चौघे सरावासाठी ठाण्याहून इगतपुरीला निघालो होतो. पडघा, शहापूर मागे पडले आणि कसारा घाट लागला. एका चढावर जोर लावून गियर बदलताना खाडकन आवाज झाला, पेडल एकदम हलके झाले आणि मागे वळून पाहिले तर चेन ओल्या रस्त्यावर पडलेली होती. सोबतच्या मित्राकडे चेन तोडण्याचे हत्यार आणि क्विक लिंक, म्हणजे तुटलेली चेन जोडायची सुटी कडी, होती. वाकडी झालेली कडी काढून तिच्या जागी क्विक लिंक बसवायला त्याला दहा मिनिटेही लागली नाहीत. माझ्याकडे मात्र यातले काहीच नव्हते. त्या दिवसापासून दोन क्विक लिंक माझ्या सीटखालच्या पिशवीत कायम असतात.

घरी आल्यावर ती वाकडी कडी मी नानांना दाखवली. त्यांनी ती उजेडात धरली आणि म्हणाले, “ही पिन आधी एकदा बाहेर काढून पुन्हा आत ठोकलेली दिसते.” मला आठवले, चेन बसवताना दुकानात तिची लांबी कमी केली होती आणि तीच पिन परत दाबून चेन जोडली होती. हल्लीच्या अरुंद चेनमध्ये पिनांची टोके कारखान्यातच फुलवून कडीच्या बाजूच्या पट्टीत घट्ट केलेली असतात. पिन एकदा ढकलली की ती फुलवलेली कड कापली जाते, पट्टीची पकड ढिली होते, आणि मग नेमक्या चढावर, सर्वाधिक ताण येतो तेव्हा, पट्टी पिनेवरून निसटते. जोड द्यायचा तो क्विक लिंकने किंवा त्या चेनसाठी मिळणाऱ्या नव्या पिननेच द्यावा.

त्याच संध्याकाळी नानांनी आपली स्टीलची मोजपट्टी काढली. चेनमधले एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचे अंतर अर्धा इंच असते, त्यामुळे नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. माझ्या चेनची पंचविसावी पिन बारा इंचांच्या रेघेपुढे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग सरकली होती. अर्धे सूत सरकली असती तर नवी चेन घालून भागले असते, पण एक सूत म्हणजे मागची कॅसेटही, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संचही, गेली असे समजावे.

“इतकी ताणली गेली?” मी विचारले.

“अगं, पोलाद असे ताणले जात नाही. ती आतून झिजते. पिन झिजते, पिनेभोवतालचे भोक झिजते, आणि प्रत्येक कडीतली केसाएवढी झीज मिळून लांबी वाढते.”

लांबी वाढलेली चेन दात्यांच्या खाचेत नीट बसत नाही, वर चढते आणि दात्यांना आपल्या मापाने कोरत जाते. मग त्या दात्यांवर नवी चेन घातली तर ती जोर लावताच घसरते. वेळेत चेन न बदलल्याने मला तिच्यापेक्षा कितीतरी महाग कॅसेट बदलावी लागली.

नानांनी नंतर जे सांगितले त्यामुळे माझी तेल घालण्याची पद्धतच बदलली. मी तोवर चेनवर वरून भरपूर तेल सोडत असे. पावसात घोडबंदर रस्त्यावर मेट्रोच्या कामाची माती आणि सिमेंटचा राडा उडतो; तो त्या तेलात मिसळला की कारखान्यात व्हॉल्व्ह घासायला वापरतात तशी पेस्ट तयार होते, आणि मी ती शंभर किलोमीटर फिरवत होते. तेल लागते ते आत, रोलर (पिनेभोवती फिरणारी छोटी नळी) आणि पिनेच्या मध्ये. बाहेर त्याचे काही काम नाही. म्हणून आता चेन आधी डिझेलमध्ये घासून धुते, पूर्ण वाळू देते, प्रत्येक रोलरवर एकच थेंब सोडते, रात्रभर मुरू देते आणि सकाळी बाहेरून कोरडी होईपर्यंत पुसते. हे त्याच संध्याकाळी करावे लागते, कारण ओली चेन रात्रीतून तांबूस होते. काळे डिझेल मोरीत ओतत नाही. बाटलीत ठेवले की गाळ खाली बसतो आणि वरचे पुन्हा वापरता येते. पुसायला सासूबाई जुन्या सुती साड्यांचे तुकडे काढून ठेवतात, आणि तेवढे मऊ फडके कोणत्याही दुकानात मिळत नाही.

बाकीची कामे त्यामानाने लवकर होतात. ब्रेक पॅडमध्ये रुतलेली खडी सुईने काढते, आणि बेअरिंगवर पाण्याचा जोराचा फवारा कधी मारत नाही. टायरवरून बोट फिरवून तारा मात्र नीट शोधते, कारण फुटलेल्या ट्रकटायरच्या केसासारख्या बारीक तारा महामार्गाच्या कडेला पसरलेल्या असतात आणि एक जरी टायरमध्ये राहिली, तरी नवी ट्यूबही पाच किलोमीटरमध्ये पंक्चर होते.

आता आमच्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबाशेजारी चेनचे किलोमीटर आणि मोजपट्टीवरचे माप लिहिलेले असते. गेल्या महिन्यात माप अर्ध्या सुताला पोहोचले, तेव्हा मी न थांबता चेन बदलली आणि कॅसेट वाचली. जुन्या चेनचा वीतभर तुकडा नानांनी मागून घेतला, एका लोखंडी पट्टीला भोके पाडून त्यावर तो रिव्हेटने बसवला आणि मूठ म्हणून दुसऱ्या टोकाला ट्यूबची रबर गुंडाळली. कॅसेट काढताना ती जागच्या जागी धरून ठेवण्याचे ते हत्यार आता गॅलरीतल्या खिळ्यावर टांगलेले आहे.