दिसली नाहीस

मामी काल फोनवर एवढंच म्हणाली, "जपाला सगळे होते, तू दिसली नाहीस." रागानं नाही म्हणाली. तरी ते डोक्यातून जात नाही.

व्हिडिओ कॉलवर बाबांसाठी महामृत्युंजयाचा जप लावला होता. नागपूरपासून न्यूजर्सीपर्यंत सगळे बसले होते म्हणे. मी त्या वेळी आयसीयूच्या मागच्या जिन्यात होते. फिनेलचा वास, खाली कुणाच्या तरी डब्याची पिशवी, आणि पायरीवर मी. वॉचमन तिथे कुणाला बसू देत नाही. मला त्यानं उठवलं नाही.

व्हेंटिलेटरच्या संमतीचा कागद नुकताच पुढे आला होता. दादा विमानात. आईला विचारणार तरी काय?

मी धड काही मागितलंही नाही. 'विठ्ठला, मला जमत नाहीये,' एवढंच पुन्हा पुन्हा. मग भांडले. एवढ्या वाऱ्या केलेल्या माणसाला तू असा श्वासासाठी तडफडवतोस, असं चक्क म्हणाले. हे मी चारचौघांत बोलू शकले असते? आईसमोर तर नाहीच. सगळ्यांना माझ्याकडून धीर हवाय. विठ्ठलाला नको होता. त्याच्यापुढे घाबरता आलं, पोटभर.

मग वर गेले, डॉक्टरांचं सगळं नीट ऐकलं आणि सही केली. बाबांना त्या रात्री काही उतार पडला नाही. पण मला उभं राहता आलं, आणि ते त्या जिन्यातून आलं हे मला पक्कं ठाऊक आहे.

दिसली नाहीस. जेवलीस का, असं कुणीच विचारलं नाही... जाऊ दे.

1630 च्या दुष्काळात तुकोबांचा व्यापार बसला, पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. पुढे ते भामचंद्राच्या, भंडाऱ्याच्या डोंगरावर एकटेच जाऊन बसायचे. ज्यांच्या पालखीमागे आज लाखो माणसं चालतात, त्यांनाही आधी एकटं बसावं लागलं. गावाला ते तेव्हा दिसले नसतीलच. बाबा हे फार रंगून सांगायचे. सांगतात.

दिंडीत टाळांच्या गजरात आपला आवाज विरून जातो, ते मलाही हवंसं वाटतं. पण त्या संध्याकाळी मला माझाच आवाज त्याच्यापर्यंत पोचवायचा होता, कितीही फाटका असला तरी. मामीचं मन जपात शांत होत असेल तर तिनं तो जरूर करावा. बाबांसाठी तिचाही जीव टांगणीला लागलाय. तिला मी जिन्याचं सांगणार नाही, ते माझ्यापुरतं राहू दे.

पाचला एकालाच आत सोडतात. आज आईला पाठवते आणि नर्सला म्हणते, दोन मिनिटं पडदा ओढून घ्या. तिलाही कुणाशी तरी भांडायचं असेल.