कात, हिरडा आणि विहिरीचं पाणी : पावसाळ्यातल्या पाच घाण्यांची नोंद

सुती कापडाला काताने तपकिरी रंग द्यायचे पाच घाणे केले; एका वेळी रंगवलेलं कापड म्हणजे एक घाणा. प्रमाण तेच, कात तोच, तरी पहिल्या दोन घाण्यांचं कापड तपकिरी न होता मळकट राखाडी निघालं. दोष पाण्यात होता. कोकणातल्या जांभ्या दगडात लोह भरपूर असतं आणि काही विहिरींच्या पाण्यात ते विरघळून उतरतं. लोह आणि टॅनिन (हिरडा-कातातलं तुरट द्रव्य) एकत्र आले की काळपट संयुग तयार होतं. जुनी शाई याच रसायनावर बनायची.

तपासणी सोपी आहे. पांढऱ्या कपात पाणी घ्या, चिमूटभर हिरड्याची पूड टाका, दहा मिनिटं थांबा. पाणी पिवळसरच राहिलं तर चालेल. निळसर-करडं झालं तर लोह आहे. असं पाणी पसरट भांड्यात ओतून वरून खाली चार-पाच वेळा फेसाळवायचं आणि दिवसभर उघडं ठेवायचं. हवेने लोह गंजून तळाशी बसतं, मग दुपदरी फडक्यातून गाळून पुन्हा कपाची चाचणी. पाणी आम्लधर्मी असेल तर ही क्रिया फार मंदावते. तिसऱ्या घाण्यापासून सरळ पागोळ्यांचं पाणी वापरलं, तेही पहिले काही पाऊस पडून कौलं धुऊन निघाल्यावरचं. राखाडी झाक गेली.

आता कृती. प्रत्येक घाण्याला कोरडं मांजरपाट २५० ग्रॅम, भांडं स्टीलचंच. आधी ८ लिटर पाण्यात १० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून तासभर उकळणं. खळ आणि कापसातलं मेण राहिलं तर पुढे रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो, म्हणून इथे घाई नको. सोडा पुरता निघाला का, हे कोकम सांगतं. बिनमिठाची साल भिजवलेल्या लाल पाण्याचे चार थेंब कापडाच्या पिळलेल्या पाण्यात टाका, तेवढेच साध्या पाण्यात टाकून शेजारी ठेवा. पहिलं जास्त निळसर दिसलं तर अजून खळबळा.

मग ५० ग्रॅम हिरडापूड, ४५ ते ५० अंशांच्या पाण्यात दोन तास. पिळून न धुता वाळवायचं. ही पायरी गाळू नये, कारण पुढे रंग धरून ठेवणारं तुरटीतलं ॲल्युमिनियम नुसत्या सुती धाग्याला नीट चिकटत नाही. टॅनिन धाग्यावर बसतं आणि ते ॲल्युमिनियमला धरतं. त्यानंतर तुरटी ३७ ग्रॅम गरम पाण्यात, त्यात वेगळा विरघळवलेला ४ ग्रॅम सोडा थोडा थोडा (फसफसतं, भांडं अर्धंच भरा). दोन तासांनी एकदाच हलकं धुवा.

कात ७५ ग्रॅम, कुटून उकळत्या पाण्यात. गार पाण्यात त्यातला कॅटेचिन हा घटक जवळजवळ विरघळत नाही. गाळून कापड घाला, ८५ ते ९० अंशांवर एक तास, मग रात्रभर त्याच भांड्यात. पानातला फिकट कात महाग आणि रंगाला कमजोर. तो काढल्यावर उरणारा काळपट, टॅनिनचा कात हवा. चिपळूण-सावर्डे भागात कातभट्ट्या आहेत, तिकडे चौकशी करा. खैरतोडीला परवाना लागतो, तेव्हा माल कुठून आला हेही विचारा. जुन्या पुस्तकांत कातानंतर पोटॅशियम डायक्रोमेट सांगितलेलं असतं. रंग गडद होतो हे खरं, पण ते विषारी आहे आणि कर्करोगाला कारण ठरतं. घरात आणूच नये. गडद हवा असेल तर पुन्हा कातात बुडवून मोकळ्या हवेत वाळवा. हवेतल्या ऑक्सिजननेच तपकिरी खुलतो.

चौथा घाणा वाळवताना बिघडला. दमट पडवीत दोन दिवस दोरीवर घडी पडून राहिला. पाणी हळूहळू काठाकडे सरकलं, हिरडाही सोबत गेला आणि घडीवर गडद रेघा उठल्या. पंख्याखाली, घडीविना, दर तासाला वरखाली उलटून वाळवा.

पाचव्यात मुद्दाम हिराकस (लोहाचा क्षार) घातला, ३ ग्रॅम, पाव तास. सुंदर करडा-तपकिरी आला. ५ ग्रॅमच्या वर जाऊ नका, लोह जास्त झालं की सुती धागा विरतो. राहिलं कोकम. गुलाबी रंगाचा मोह होतो, पण तो अँथोसायनिन (फळाफुलांतलं लाल-निळं रंगद्रव्य) आहे, साबणाने निळसर पडतो, उन्हात उडतो. चाचणीलाच ठेवा.

सहाव्या घाण्याला ऐनाची साल, २५० ग्रॅम, रात्रभर भिजवून. सुती जाळी टिकाऊ करायला कोळी तिचाच काढा वापरत. पाणी पागोळ्यांचंच, दोन पिंपं भरून ठेवली आहेत.