गावात राहून पदवीचं गणित: काय उतरवून घ्यायचं, काय सोडायचं

बीएस्सीला रिअल ॲनालिसिस लागलं की पोरगा सिरोंच्याचा असो की मेहकरचा, आधी यूट्यूब उघडतो. तिथे शिकवणाऱ्यांचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो सोडवायला दिलेल्या गणितांचा आणि ती तपासायला लागणाऱ्या उत्तरांचा. म्हणून कोर्स निवडताना व्हिडिओ शेवटी बघा. आधी असाइनमेंट आहेत का आणि त्यांची सोडवणूक मिळते का, ते पाहा.

शिकवणारा कसा आहे हे पारखायला एकच विषय पुरतो: युनिफॉर्म कंटिन्युइटी. म्हणजे किमतींतला फरक एप्सिलॉनच्या आत ठेवायला बिंदू किती जवळ हवेत, ते अंतर डेल्टा, सगळीकडे एकच चालणं. व्याख्या वाचून दाखवली, एक उदाहरण सोडवलं आणि पुढे गेले, तर तो व्हिडिओ बंद करा. चांगला शिक्षक क्ष चा वर्ग हे फलन घेतो आणि सगळ्या वास्तव संख्यांवर ते या अटीत का बसत नाही हे दाखवतो. एक बिंदू एन, दुसरा एन अधिक १/एन. दोघांतलं अंतर १/एन, म्हणजे हवं तेवढं लहान करता येतं. वर्गांतला फरक मात्र २ अधिक (१/एन चा वर्ग), म्हणजे तो २ च्या खाली कधीच येत नाही. मग तेच फलन ० ते ५ एवढ्यावरच घेतलं तर डेल्टा म्हणून एप्सिलॉन भागिले १० सगळीकडे का चालतो, हेही तो करून दाखवतो. अट कुठे मोडते हे ज्याने दाखवलं, त्याचाच कोर्स पूर्ण करा.

आपल्याकडच्या मुलांनी सुरुवात एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन कोर्सांच्या संकेतस्थळापासून करावी, असं माझं ठाम मत आहे. आयआयटी आणि आयआयएससीचे प्राध्यापक शिकवतात, नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत आणि कोर्स जानेवारी व जुलैमध्ये सुरू होतात. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी भरून केंद्रावर जावं लागतं. त्यात २५ गुण असाइनमेंटचे, ७५ परीक्षेचे. बहुतेक लेक्चरची लिखित प्रत पीडीएफमध्ये मिळते, ती आधी उतरवा. मात्र ही प्रत बोलण्यावरून केलेली असते. फळ्यावरची सूत्रं त्यात अर्धवट किंवा चुकीची येतात, म्हणून सूत्र व्हिडिओवरूनच वहीत घ्या.

लिनियर अल्जेब्रासाठी एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या ओपनकोर्सवेअर या मोफत संकेतस्थळावर गिल्बर्ट स्ट्रँग यांचा कोर्स आहे, क्रमांक १८.०६. त्याचीच क्रमांकापुढे एससी लिहिलेली आवृत्ती (१८.०६एससी) घ्या, ती एकट्याने शिकणाऱ्यासाठी बनवलेली आहे आणि त्यात सोडवलेली गणितं आहेत. सोबत जिम हेफरन यांचं मोफत पुस्तक ठेवा. त्यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर वेगळ्या फाइलमध्ये दिलेलं आहे. शेल्डन ॲक्सलर यांच्या पुस्तकाची चौथी आवृत्तीही आता मोफत आहे आणि ते फार सुंदर पुस्तक आहे, पण त्यात डिटरमिनंट अगदी शेवटी येतो. विद्यापीठाचा पेपर तोंडावर असताना ते हातात घेऊ नका, सुट्टीत वाचा.

आता रेंज आणि लाइटचा प्रश्न. फळ्यावरचं लेक्चर १४४पी वर बघू नका. खाली लिहिलेला एन आणि एम एकसारखे दिसतात आणि चुकीची ओळ वहीत जाते. ३६०पी पुरतं. रोजच्या दीड जीबीत एखाद-दोन लेक्चर ॲपमध्येच उतरवून ठेवायची, म्हणजे दुपारी लाइट गेली, टॉवर बंद पडला तरी अडत नाही. असाइनमेंटच्या पीडीएफ काही एमबींच्याच असतात. बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेलात की त्यांची झेरॉक्स काढून आणा. कागदावरचं गणित मोबाइलवरच्यापेक्षा जास्त वेळ डोळ्यांपुढे राहतं.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो एकाच वेळी तीन ठिकाणांहून शिकण्यात. काही पुस्तकांत रिंगमध्ये (बेरीज-गुणाकाराचे ठरावीक नियम पाळणाऱ्या संचात) १ असलाच पाहिजे, काहींत नाही. त्यामुळे सम पूर्णांकांचा संच एका पुस्तकात रिंग ठरतो, दुसऱ्यात ठरत नाही. कॉम्पॅक्टची व्याख्या कुणी ओपन कव्हरने करतं, कुणी सिक्वेन्सने. मेट्रिक स्पेसमध्ये दोन्ही सारख्याच, पण सर्वसाधारण टोपॉलॉजीत तसं नाही. नैसर्गिक संख्या कुठे ० पासून, कुठे १ पासून. वहीच्या पहिल्या पानावर आपल्या मुख्य कोर्सच्या व्याख्या लिहून ठेवा आणि दुसरं काही उघडलं की आधी त्यांच्याशी ताडून बघा.

इंग्रजीची भीती बाळगू नका, प्रमेयांत तेच तीस-चाळीस शब्द फिरत असतात. लक्ष द्यायचं ते 'फॉर एव्हरी' आणि 'देअर एक्झिस्ट्स' यांच्या क्रमाकडे. 'प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक डेल्टा असतो' आणि 'एक डेल्टा असा असतो की तो प्रत्येक एप्सिलॉनला चालतो' ही दोन वेगळी विधानं आहेत. प्रत्येक व्याख्या एकदा मराठीत लिहून काढा. क्रम चुकला असेल तर तिथेच सापडतो.

एक धडा झाला की उत्तर न बघता निदान पाच गणितं करा आणि एकेका गणिताला अर्धा तास द्या. अडलात तर सोडवणुकीची पहिली ओळ बघा आणि फाइल मिटवा. स्वतःला पारखायचं असेल तर आयआयटी जॅम या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेचे जुने पेपर उत्तरतालिकेसकट अधिकृत संकेतस्थळावर आहेत. त्यातले एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असलेले दहा प्रश्न आधी घ्या. तिथे अर्धवट उत्तराला गुण नाहीत, त्यामुळे व्याख्येत कुठे कच्चे आहात ते लगेच दिसतं.