आमची वाटचाल: आधी मोजणी, मग रेखाटन

शिकवायचं असं ठरवून आम्ही संस्था काढली नव्हती. मी आणि माझी भागीदार, दोघी चित्रकार. संशोधकांच्या शोधनिबंधांसाठी कीटकांची आणि वनस्पतींची चित्रं काढून द्यायचो. काम आलं की एकदम यायचं, नाहीतर महिनोन्‌महिने टेबल रिकामं. मग ज्यांना चित्रं द्यायचो तेच विचारू लागले, "आमच्या विद्यार्थ्यांना हे शिकवाल का?" वर्ग तिथून सुरू झाले आणि आज संस्थेचा खर्च त्यांवरच चालतो.

"फोटो असताना चित्र कशाला?" हे प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी विचारतंच, आणि विचारायलाच हवं. फोटोत एकच जीव दिसतो. त्याची मोडलेली शृंगिका (डोक्यावरची मिशी) आणि सावलीत गेलेला पायही त्यात येतो. चित्रकार मात्र अनेक नमुने शेजारी ठेवून त्या जातीचं चित्र काढतो. जात ओळखायला जे लागतं ते स्पष्ट करतो आणि त्या एका जीवापुरतं असलेलं गाळतो.

आमच्याकडे दोन तऱ्हेचे विद्यार्थी येतात. कला शिकलेल्यांचा हात तयार असतो, पण पुंकेसर मोजायची सवय नसते. जीवशास्त्रवाल्यांना सगळे भाग ठाऊक असतात, पण पेन्सिल धरताना ते बिचकतात. दोघांना आम्ही एकाच टेबलावर बसवतो. शिकवणीतला आमचा सगळ्यात चांगला निर्णय तोच, असं मला मनापासून वाटतं.

पहिला धडा जास्वंदीचा. सुरुवातीला पेन्सिल नाही, फक्त भिंग आणि डिव्हायडर. प्रत्येक पाकळीची एक कड शेजारच्या पाकळीच्या वर आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या खाली असते. निदलपुंजाच्या, म्हणजे पाकळ्यांखालच्या हिरव्या वाटीच्या, खाली अरुंद हिरव्या पट्ट्यांचं आणखी एक कडं असतं. पुंकेसर एकत्र जुळून त्यांची नळी झालेली असते आणि तिच्यातून वर आलेल्या कुक्षीवृंताला (स्त्रीकेसराच्या दांड्याला) टोकाशी पाच फाटे फुटतात. हे वहीत लिहून झालं की मग रेखाटन.

भुंगेरा काढताना अर्धं शरीर मोजून काढायचं, ट्रेसिंग पेपर उलटवायचा आणि दुसरी बाजू उतरवायची. छाया मात्र अशी उलटवता येत नाही, कारण रिवाजाप्रमाणे प्रकाश वरच्या डाव्या कोपऱ्यातून येतो. ढेकूणवर्गीय कीटकांत एक पंख दुसऱ्यावर चढलेला असतो, तिथे ही युक्ती तशीच्या तशी चालत नाही. छाया शाईच्या ठिपक्यांनी भरायची. पेन उभं टेकवायचं आणि सरळ वर उचलायचं, नाहीतर ठिपक्याला शेपूट येतं. चित्र छपाईत लहान होतं, तेव्हा फार दाट ठिपके एकमेकांत मिसळून काळा डाग पडतो. "दहापट मोठं" असं नुसतं लिहिलं तर तेही छपाईत खोटं ठरतं. म्हणून मापाची रेघ चित्रातच काढायची. याबाबत आम्ही कुणालाच सूट देत नाही.

रंगांचा धडा ऑस्ट्रियन वनस्पतिचित्रकार फर्डिनांड बाउअर यांच्याकडून घेतलेला. 1801 साली ते 'इन्व्हेस्टिगेटर' जहाजावरून ऑस्ट्रेलियाच्या सफरीवर निघाले. तिथे ते पेन्सिलच्या रेखाटनांवर प्रत्येक छटेचा ठरलेला आकडा लिहून ठेवत आणि रंगकाम पुढे परतल्यावर करत. ताजं फूल पाहता पाहता कोमेजतं, तेव्हा ही पद्धत आजही तितकीच उपयोगी आहे. आमचा प्रत्येक विद्यार्थी स्वतःचा आकड्यांचा रंगतक्ता बनवतो. त्यात नुसत्या हिरव्याच्या छटा करायलाच बराच वेळ जातो.

ऑनलाइन वर्ग सुरू केले तेव्हा कॅमेरा चेहऱ्यावर ठेवायचा नाही, कागदावर ठेवायचा, असं ठरवलं. बॅच अजूनही लहानच ठेवतो, कारण प्रत्येकाचं चित्र नमुन्याशेजारी धरून तपासावं लागतं. व्यावसायिक कामं आता निवडून घेतो आणि चित्रकाराचं नाव शोधनिबंधात छापलं जाईल हे आधीच लेखी ठरवतो.

आता कॅमेरा ल्युसिडाचा वर्ग सुरू करतोय. इंग्लिश शास्त्रज्ञ वोलास्टन यांनी 1806 साली या साधनाचं पेटंट घेतलं. त्यातून नमुना आणि कागद एकाच वेळी दिसतात, त्यामुळे बाह्यरेषा झटपट मिळते. तरी या वर्गाला प्रवेश घेण्याआधी त्याच नमुन्याचं हातानं मोजून काढलेलं एक चित्र आम्ही मागतो.