बनीम झाकायला कोणी नव्हतं

पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात मी हाउसकीपिंग सुपरवायझर आहे. माझं माहेर माण तालुक्यातलं, त्यामुळे गावाकडून आलेली पोरं माझ्याशी जरा मोकळं बोलतात. तरी त्या ऑक्टोबरात मला कळायला उशीरच झाला.

दिवाळीआधीचा आठवडा, हॉटेल फुल्ल. चौथ्या मजल्यावरची एक चेकआऊट रूम दुपारी दीड वाजला तरी तयार नव्हती, फ्रंट ऑफिसचे फोनवर फोन. वर गेले तर ट्रॉली दारात आडवी आणि आत आमचा लातूरकडच्या औशाचा पोरगा पलंगाशी उभा. बेडशीट अंथरलेली, एक कोपरा हातात. तो कोपरा गादीखाली कसा खोचायचा हेच त्याला आठवेना. दिवसाला सोळा खोल्या करणारा पोरगा!

"मॅडम, डोकंच चालंना," एवढंच म्हणाला. हात थरथरत होते.

पॅन्ट्रीत बसवून साखर-मिठाचं पाणी दिलं, तेव्हा हळूहळू बोलला. तीन एकर सोयाबीन कापून बनीम, म्हणजे कापलेल्या पिकाचा ढीग, घातलेली, आभाळ आलेलं, वडील एकटे, ताडपत्री ओढायला दुसरा माणूस नाही. मजल्यावर फोन न्यायला बंदी. खाली जाऊन लॉकर उघडला तर वडिलांचे अकरा मिस्ड कॉल.

मी रोस्टर काढला. सलग तेरा दिवस त्याला ऑफ नव्हता, त्यात चार डबल शिफ्ट. खाली सही माझी. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला सलग २४ तासांची सुट्टी आहे, जादा कामाला दुप्पट मजुरी आहे. मला हे ठाऊक होतं, आणि तरी सीझन आला की 'ऑफ कॅन्सल' लिहिताना माझा हात अडखळत नव्हता. बंकरवर, म्हणजे स्टाफच्या सामायिक खोलीत, राहून घरी पैसे धाडणारा पोरगा कायदा बोलून दाखवत नाही. तो 'ताण' असंही म्हणत नाही. अंग दुखतंय म्हणतो, झोप लागंना म्हणतो, आणि एक दिवस न सांगता निघून जातो. मग आपण म्हणतो, गावाकडची पोरं टिकत नाहीत. मीही म्हटलंय. त्याची मला लाज वाटते.

त्याच्या उरलेल्या खोल्या मी आणि अजून एका मुलीने केल्या. मॅनेजरशी भांडून चार दिवसांची रजा घेतली आणि त्याला रात्रीच्या लातूर गाडीत बसवलं.

पाऊस त्याच्या आधी पोचला होता. निम्मं सोयाबीन काळं पडलं. उरलेलं पसरून वाळवलं, मळणीयंत्रातून काढलं आणि पाचव्या दिवशी तो कामावर आला.

आता रोस्टर करताना मी कडेला पेन्सिलीने एक जादा रकाना आखते. कुणाचं सोयाबीन, कुणाची भातकापणी, कुणाची कांद्याची लागण. ऑफ आधी त्या रकान्यावरून ठरतात, मग बुकिंग बघते.